भ्रूणाला हात लागत नाही, पण दिव्याचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माशाच्या जिवंत भ्रूणाचे व्हिडिओ हल्ली बातम्यांतही दिसतात. खाली ठरलेली ओळ असते, ‘कोणतीही इजा न करता’. प्रकाशानेही इजा होते, हे त्यात राहून जाते. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाला मोबाइल लावून असे चित्रण करताना भ्रूण मेले की दोष पाण्यावर जातो.

यासाठी वापरतात तो झेब्राफिश मूळचा गंगेच्या खोऱ्याकडचा. ॲक्वेरियमच्या दुकानात ‘झेब्रा डॅनिओ’ म्हणून मिळतो. अंडे जेमतेम मिलिमीटरभर, कवच काचेसारखे. संध्याकाळी नर-मादीच्या मध्ये पट्टी घालावी, सकाळी दिवा लागताच काढावी. तळाला जाळी हवीच, नाहीतर मासे आपलीच अंडी खातात. चहाच्या गाळणीने अंडी गोळा करून एका पेट्री डिशमध्ये पन्नास-साठच ठेवावीत. पांढुरके पडलेले अंडे मेलेले. ते लगेच काढावे, नाहीतर बुरशी पसरते. २८.५ अंशांना पाऊण तासात पहिले विभाजन, पुढे दर पाव तासाला एक. दिवा बंद करवत नाही तो यामुळेच.

जुन्या हॅलोजनखाली उथळ डिशमधले पाणी तापते, आटते, क्षार दाट होतात. ३३ अंशांच्या वर भ्रूण वेडेवाकडे वाढतात. एलईडी वापरावा आणि तोही फोटोपुरताच, पाच मिनिटांतून एक-दोन सेकंद लावावा.

फ्लोरेसेन्समध्ये, म्हणजे प्रकाश पाडून पेशींतले चमकणारे रेणू टिपताना, प्रश्न अधिक बिकट. कॉन्फोकल या लेसरच्या सूक्ष्मदर्शकात एका पातळीच्या फोटोसाठी लेसर अख्ख्या जाडीतून जातो. शंभर पातळ्या म्हणजे शंभर वेळा तोच मारा. २००४ साली हायडेलबर्गच्या संशोधकांनी प्रकाशाची पातळ पात बाजूने सोडली, त्यामुळे पाहायचा तेवढाच थर उजळतो. मारा घटतो, संपत नाही. शिवाय सतराएक तासांनंतर भ्रूण वळवळतो म्हणून तो ॲगारोज या पारदर्शक जेलमध्ये बसवतात. एक टक्क्याच्या जेलमध्ये वाढत्या शेपटीला जागा मिळत नाही, ती वाकते. शेपटीभोवतीचे जेल सुईने काढून टाकावे लागते.

इजा झाली की नाही, हे चांगल्या फोटोवरून कळत नाही. त्याच खेपेतले पंधरा-वीस भ्रूण त्याच तापमानाला अंधारात ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांची लांबी, हृदयाचे ठोके, शेपटीचा आकार ताडून पाहावा. ‘इजा न करता’ छापण्यापूर्वी त्या अंधारातल्या भावंडांविषयी आपल्या वार्ताहरांनी जरूर विचारावे.

– प्राणिशास्त्राचे काही अध्यापक, पुणे