प्लास्टर, पेन्शन आणि पुणं

चि. छकुली,

अनेक आशीर्वाद.

काल तू मधेच फोन ठेवलास, मला राग नाही आला, तुझ्या जागी मी असते तर मीही ठेवला असता. पण फोनवर तू एकदा सुरू झालीस की मला मधे शिरायला जागाच नसते गं, म्हणून हे लिहितेय. बोलून टाइप करायचं मराठी बटण सापडलंय मला, फक्त मी "बॉयलर" म्हटलं की ते "बायको" लिहितं, तेव्हा कुठे बायकोचा काटा खाली गेला असं दिसलं तर समजून घे.

तर हो, पडले मी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, इथे लंडनच्या घरी मागच्या दाराच्या पायरीवर, ओल्या पानांवरून पाय सरकला, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला निघाले होते आणि बिनवाले सकाळी सातला येतात म्हणून घाई. डाव्या मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. दिवाळीच्या व्हिडिओ कॉलला मी शाल घेऊन बसले होते आणि तू म्हणालीस आई कंजूसपणा करू नकोस हीटिंग लाव, ती थंडी नव्हती, शालीखाली प्लास्टर होतं. चकल्या घरच्या म्हणून दाखवल्या त्याही ईलिंग रोडवरच्या दुकानातून आणलेल्या. एका हाताने सोऱ्या फिरत नाही.

तुला सांगितलं नाही ही चूक झाली, मान्य. शेजारच्या जमैकन काकूंनी भाबडेपणाने तुला "आईचा हात कसा आहे" विचारलं आणि सगळं फुटलं, त्यांच्यावर चिडू नकोस, त्या रात्री इमर्जन्सीत माझ्याबरोबर त्याच बसल्या होत्या. साडेसहा तास! हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, ज्या खात्यात रक्ताच्या बाटल्या तपासत चौतीस वर्षं काढली त्याला नावं ठेवताना जीभ अडखळते, पण तुला म्हणून सांगते, खुर्च्या फार वाईट होत्या.

आता तुझा मुद्दा. घर विक आणि पुण्याला ये. बाबा गेल्यापासून तू हे म्हणतेयस आणि मी हो हो बघू म्हणत आलेय. म्हणून एकदा नीट बसून हिशोब केला, बाबा करायचे तसा, पाकिटाच्या मागच्या बाजूला.

तू म्हणतेस पौंडाचे पुण्यात ढीगभर रुपये होतात. होतात ना, आज होतात. पण इथली सरकारी पेन्शन आहे ना, ती तुम्ही कायमचे भारतात राहायला गेलात की गोठवतात, म्हणजे ज्या दिवशी गेलात त्या दिवशीचा आकडा मरेपर्यंत तोच. मी सप्टेंबर २०१९ मध्ये पेन्शनीत निघाले तेव्हा नव्या पेन्शनचा पूर्ण दर आठवड्याला १६८.६० पौंड होता, एप्रिल २०२५ पासून तो २३०.२५ झाला. मला त्याहून थोडी कमी मिळते, हॉस्पिटलची पेन्शन वेगळी होती त्यामुळे तेवढं कापतात, पण वाढ त्याच मापाने होत आलीय. आम्ही दोघं तेव्हाच पुण्याला आलो असतो, जसं बाबांच्या मनात होतं, तर पूर्ण दरवाल्याचे २०२५ च्या दराने वर्षाला तीन हजार दोनशे पौंड कमी आले असते आणि हा फरक दर एप्रिलला वाढतच गेला असता. पुण्यातल्या बाईचा पगार आणि सोसायटीचा मेंटेनन्स गोठवायची काही सोय आहे का गं?

आणि गंमत ऐक, जमैकन काकूंची बहीण परत जमैकाला गेली, तिला दरवर्षी वाढ मिळते. अमेरिकेला गेलेल्यांना मिळते. कॅनडा ऑस्ट्रेलियाला नाही, भारताला नाही. कुठल्या देशाशी कधी काळी कसला करार झाला त्यावर म्हणे सगळं. सुट्टीवर इथे आलात तर तेवढ्या दिवसांपुरती वाढवून देतात आणि परत गेलात की पुन्हा जुना आकडा, म्हणजे ताटात वाढून उचलून घ्यायचं. मी इथे पंचेचाळीस वर्षं टॅक्स भरला, कुठे राहून खाते याच्याशी यांना काय करायचंय हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. हॉस्पिटलची पेन्शन मात्र कुठेही राहिलं तरी महागाईप्रमाणे वाढते, तेवढं बरं.

दुसरं, औषधपाणी. इथे साठीनंतर प्रिस्क्रिप्शनला पैसे नाहीत, माझ्या बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या दर महिन्याला केमिस्टकडे तयार असतात, मी जाऊन पिशवी घेऊन येते. जीपीची, म्हणजे आमच्या भागातल्या डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळवणं हे वेगळं प्रकरण, सकाळी आठला फोन लावायचा, तुम्ही रांगेत एकविसावे आहात, चहा होतो, पोहे होतात, तुम्ही रांगेत नववे आहात. तरी मिळते. आणि एकदा का मी इथलं बिऱ्हाड मोडलं की हा हक्क गेला, पाहुणी म्हणून आले आणि ॲडमिट व्हावं लागलं तर बाहेरच्यांना दीडपट दराने बिल लावतात. कायमची परत राहायला आले तर पुन्हा मिळेल, पण सत्तरीत असं किती वेळा देश हलवायचा?

तिकडे इन्शुरन्स मिळेल हे मला माहितीय, २०२४ पासून पासष्टची मर्यादा काढलीय, जावईबापूंनी लिंक पाठवली होती ती मी वाचली. पण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबा म्हणू शकतात आणि माझे तर सगळे आजार आधीपासूनचेच आहेत. नवीन आजार व्हायची वाट बघू का?

बरं पैशाचं सोड, पैसा हे खरं कारण नाहीच. खरं कारण सांगते. गेल्या जानेवारीत मी आले होते तेव्हाची पौड रोडवरची संध्याकाळ आठवते का, मला समोरच्या दुकानातून फक्त दोरा घ्यायचा होता, निळा, ब्लाउजला. तू म्हणालीस आई थांब मी मागवते, दहा मिनिटात येईल. मी हट्टाने खाली उतरले. फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, त्यावरूनच एक मुलगा बाइक चालवत हॉर्न वाजवतोय, मी रस्त्याच्या कडेला उभी, चार वेळा पाऊल टाकलं आणि चार वेळा मागे घेतलं, शेवटी वॉचमनने हात धरून पलीकडे नेलं आणि परतही आणलं. चांगला माणूस होता. पण दोरा घेऊन लिफ्टमध्ये उभी होते तेव्हा मला रडू आलं होतं, तुला सांगितलं नाही, हे आणखी एक.

इथे लंडनच्या आमच्या केंटन भागात मी नऊ वाजले की बाहेर पडते. फ्रीडम पास, म्हणजे म्हाताऱ्यांचा फुकट प्रवासाचा पास, नऊच्या आधी बसमध्ये चालत नाही म्हणून स्टॉपवर आम्ही सगळे म्हातारे नऊला पाच मिनिटं कमी असताना उभे असतो आणि आठ सत्तावन्नची बस आली तर तिच्याकडे बघतसुद्धा नाही. १८३ नंबरची बस येते, ड्रायव्हर बस वाकवतो, म्हणजे खरंच बसचा पुढचा भाग फुस्स करून खाली येतो, मी चढते, हॅरोला उतरते, लायब्ररी, केमिस्ट, भाजी. प्लास्टर असताना सुद्धा जात होते, फक्त कोथिंबीर निवडून द्यायला दुकानातल्या बेनना सांगायचे. रविवारी कधी ट्यूबने, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेने, मराठी मंडळात, आमच्या बेकर्लू लाइनवर अजून त्याच १९७२ च्या बनावटीच्या गाड्या पळतायत, मी त्यांच्याकडे बघते आणि म्हणते चला, आपल्याहून जास्त खडखडणारं कुणीतरी आहे.

तुझ्याकडे सगळं घरी येतं, बाई येते, ड्रायव्हर येतो, दूध येतं, डॉक्टरसुद्धा येतो. सुख आहे, नाही म्हणत नाही. पण मला जायला आवडतं गं. येणाऱ्या गोष्टींची वाट बघत बाल्कनीत बसणं मला अजून जमत नाही.

आता तू म्हणशील आणि एकटी पडलीस तर. हो, तेही खरंय. नोव्हेंबरात चार वाजता अंधार होतो आणि मग संध्याकाळ जी पसरते ती संपतच नाही. हिवाळ्यासाठी इथे सगळी घड्याळं तासभर मागे करतात, ती केली की पहिला आठवडा मला जेवायचं कधी तेच कळत नाही. कधी कधी दिवसभरात मराठी शब्द तोंडातून निघतो तो फक्त देवापुढे. मी काय अगदी मजेत आहे असा आव आणणार नाही.

परवा घर तापवणारा बॉयलर बंद पडला. पाच अंश बाहेर. मी खाली वाकून बघितलं तर पाण्याच्या दाबाचा काटा एकच्या खाली, आणि झाकणाच्या आत बाबांनी चिकटवलेली चिठ्ठी, तू बघितली नसशील, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात: "काटा १ च्या खाली = आधी बंद करणे. खालचे दोन्ही नळ हळू उघडणे. दीडला थांबणे. घाई नको. नळ दोन्ही बंद केले का पुन्हा बघणे." शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. प्लास्टर नुकतंच काढलेलं, डाव्या हातात जोर नाही, उजव्याने एक एक नळ फिरवला, पाण्याचा सूं आवाज आला, काटा चढला, दीडला थांबले, पुन्हा बघितलं. पंधरा मिनिटात रेडिएटर कोमट. इंजिनिअरला बोलावलं असतं तर नुसतं दारात यायचे शंभरेक पौंड. मला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं बऱ्याच महिन्यात वाटलं नव्हतं. हे घर विकायचं म्हणजे ती चिठ्ठी पण विकायची का, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात आलं. असो.

(हीटिंगचं म्हणशील तर २०२५ मध्ये सरकारने थंडीचे दोनशे पौंड परत द्यायचं ठरवलं, २०२४ मध्ये काढून घेतले होते, मग ओरडा झाला, आता पस्तीस हजारांपर्यंत उत्पन्न असेल त्याला मिळणार. म्हाताऱ्यांशी लपाछपी खेळतात नुसते.)

तर मी काय ठरवलंय ते ऐक. जोपर्यंत मला बसमध्ये चढता येतंय आणि ते नळ फिरवता येतायत तोपर्यंत मी इथे. ज्या दिवशी यातलं एक जमणार नाही त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन, शेजारणीकडून कळणार नाही, शब्द देते. मधल्या काळात जानेवारी-फेब्रुवारी तुझ्याकडे, तेवढ्याने पेन्शनला काही होत नाही, मी चौकशी केलीय. मागच्या पायरीला कठडा बसवून घेतेय, माणूस येऊन माप घेऊन गेला. गळ्यातलं ते बटणही घेते, पडलं की दाबायचं, मला ते गायीच्या घंटेसारखं वाटतं पण घेते. आणि घरचा फोन पण डिजिटल होणारे, जानेवारी २०२७ पर्यंत जुनी तांब्याची लाइन बंदच करणार आहेत, मग वीज गेली की फोनही गेला, त्यामुळे मोबाइल उशाशी ठेवायची सवय लावतेय.

आणि एक काम तुझ्याकडे. पॉवर ऑफ ॲटर्नीचे कागद कुरियरने पाठवलेत, दोन सेट आहेत, एक पैशाचा आणि एक तब्येतीचा. मला काही सुधरेनासं झालं तर माझ्या वतीने तू ठरवायचंस, डॉक्टरांनी किंवा कौन्सिलने नाही. मी सही केलीय, मी हे समजून-उमजून करतेय असं लिहून देणाऱ्या सर्टिफिकेटवाल्या बाईंनीही केलीय, त्यानंतरच तुझी सही चालते, तारीख आमच्या तारखांच्या आधीची टाकू नकोस नाहीतर सगळं परत येतं. काळ्या शाईने कर. साक्षीदार लागतो, त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता लिही, जावईबापू चालतील. सही करताना रडत बसू नकोस, हे काही मृत्युपत्र नाही, ते वेगळ्या फाइलमध्ये आहे, निळ्या.

मार्चमध्ये येशील तेव्हा गोडा मसाला आण, कोकम आण, बाकरवडी चालेल. पेढे आणू नकोस, दुधाचं काही इथे आणू देत नाहीत, मागच्या वेळी एअरपोर्टवर तू जो तमाशा केलास तो मला पुन्हा बघायचा नाहीये.

नातवाला पापा. त्याला सांग आजीच्या हातावर त्याचं नाव लिहायचं राहिलं, प्लास्टर गेलं.

तुझी,
आई

ता.क. माझं भारतातलं सिम रिचार्ज कर, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो आणि परवा आला नाही. बँकवाले म्हणतात केवायसीसाठी समक्ष या. मी म्हटलं मी लंडनला असते. तर म्हणतात मग दुपारी या.