भय कसे रचले जाते, हे सांगणारे पुस्तक मराठीत यावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘जॉज’ या गाजलेल्या शार्कपटांच्या मालिकेची साद्यंत माहिती देणाऱ्या इंग्रजी संदर्भग्रंथाचा परिचय वाचला. परिचय आस्थेने लिहिला आहे यात शंका नाही. मात्र असे पुस्तक त्या चित्रपटांच्या चाहत्यांपुरतेच असते, इतरांनी ते चाळून बाजूला ठेवावे, असा जो सूर शेवटी लागला आहे, तो मला पटला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात एका गावच्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत कमी अनुदानाच्या, सार्वजनिक ग्रंथालयाचे काम मी पाहते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. आमचे पाणी म्हणजे मामा तलाव, अर्थात जुन्या मालगुजारांच्या काळचे गावतलाव, आणि धानाच्या बांधांमधल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी. तरीही अशा पुस्तकाची गरज मुंबई-पुण्याच्या चित्रपटप्रेमींपेक्षा आमच्या वाचकांना अधिक आहे असे मला मनापासून वाटते, आणि ते का वाटते हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मालिकेतला पहिला चित्रपट २० जून १९७५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. किनाऱ्यावरच्या एका गावात शार्क माणसे मारू लागतो आणि तिथला पोलीसप्रमुख दोन साथीदारांसह बोटीतून त्याच्या मागावर जातो, अशी त्याची कथा. पीटर बेंचली यांची मूळ कादंबरी त्याच्या आदल्या वर्षी आली होती. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग तेव्हा तिशीच्याही आतले होते आणि चित्रीकरण खऱ्या समुद्रातच करायचे, यावर ते ठाम होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटाजवळ ५५ दिवसांत उरकायचे ठरलेले हे काम प्रत्यक्षात १५९ दिवस चालले. हवेच्या दाबावर चालणारे तीन यांत्रिक शार्क तयार करवून घेतले होते. पण खाऱ्या पाण्यात उतरवताच ते वारंवार बिघडू लागले, पहिल्या चाचणीत तर एक थेट तळाशी गेला. ज्या बोटीवर कथेचा सारा उत्तरार्ध घडतो ती बोटही चित्रीकरण चालू असताना एकदा कॅमेऱ्यांसह बुडाली. खर्च ठरल्याच्या दुपटीहून अधिक झाला. चित्रपटाचे एक पटकथाकार कार्ल गॉटलिब यांनी ही सारी हकिकत त्याच वर्षी पुस्तकरूपाने लिहून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला इतक्या तपशिलाने वाचायला मिळते.

यंत्र चालत नाही म्हटल्यावर दिग्दर्शकाने शार्क दाखवायचेच टाळले. दोन तास चार मिनिटांच्या चित्रपटात तो नीट दिसतो तो जवळजवळ सव्वा तास उलटून गेल्यावर. तोवर, आणि नंतरही बऱ्याचदा, प्रेक्षकाला दिसतात ती त्याच्या अस्तित्वाची चिन्हे: मोडून ओढला जाणारा लाकडी धक्का, आणि पुढे उत्तरार्धात त्याला दोरीने अडकवलेली, पाण्यावर वेगाने धावत येणारी पिवळी पिंपे. सुरुवातीच्या प्रसंगात पोहणाऱ्या मुलीला पाण्याखालून कोणीतरी हिसके देते, तिथे शार्क नाहीच. सुझन बॅकलिनी या अभिनेत्रीच्या अंगाला पट्टा बांधून त्याच्या दोऱ्या किनाऱ्यावरची माणसे आळीपाळीने ओढत होती. बुडालेल्या होडीच्या भोकातून एकाएकी मृत कोळ्याचे डोके पुढे येते आणि थिएटरभर किंकाळी उठते, तो तुकडा संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात नंतर चित्रित केला गेला, आणि समुद्रासारखे गढूळ दिसावे म्हणून त्या पाण्यात दुधाची पावडर मिसळली होती. पाणबुड्याच्या पिंजऱ्यावर तुटून पडणारे खरे शार्क रॉन आणि व्हॅलरी टेलर या दांपत्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात टिपले. तिथले शार्क पटकथेतल्या पंचवीस फुटी शार्कपेक्षा बरेच लहान असल्याने पिंजराही लहान करवून घेतला आणि त्यात ठेंगण्या माणसाला बसवले, म्हणजे शार्क आपोआप मोठा दिसावा. यंत्राचे जे थोडे तुकडे हाती आले होते ते फील्ड्सबाईंनी असे बेतून कापले की नजर स्थिरावून ते रबर आहे हे कळण्याच्या आत दृश्य बदलते. त्यांना या कामाचे ऑस्कर मिळाले.

जॉन विल्यम्स यांच्या संगीतालाही ऑस्कर मिळाले, आणि त्याविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. दोनच स्वर, आधी संथ, मग जवळजवळ, मग धाव घेणारे. हे स्वर वाजले की शार्क आला, हे प्रेक्षकाच्या मनावर चित्रपट इतके पक्के बिंबवतो की पुढे नुसते पाणी दाखवले तरी पुरते. दोन पोरे शार्कच्या पाठीवर असतो तसा पुठ्ठ्याचा पर लावून किनाऱ्यावरच्या लोकांना घाबरवतात, त्या प्रसंगात मात्र ते स्वर वाजत नाहीत. म्हणजे संगीत प्रेक्षकाशी खोटे बोलत नाही. आणि एकदा त्याच्यावर असा विश्वास बसल्यावर, शार्क प्रथमच समोर डोके वर काढतो तेव्हा कोणताही इशारा न देता ते गप्प राहते, म्हणून माणूस खुर्चीतून उडतो. ही कारागिरी मला अत्यंत आदरणीय वाटते. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, रंगभूमीवर रात्रभर नाटक पाहिलेला प्रेक्षक सकाळी मंडप सुटताना पडद्यामागचे बांबू, दोऱ्या आणि रंगवलेले पुठ्ठे पाहतो, तरी रात्री आलेले रडू त्याला खोटे वाटत नाही. निर्मितीकथा सांगणारे पुस्तक वाचकाला त्या सकाळच्या मंडपात उभे करते.

पुढच्या तीन चित्रपटांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, पण त्यांचा क्रम बोलका आहे. १९७८ च्या दुसऱ्या भागात शार्क पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ दिसतो आणि भीती तेवढीच उणावते. १९८३ चा तिसरा भाग त्रिमितीत होता. त्याचे दिग्दर्शन पहिल्या दोन चित्रपटांचे कलादिग्दर्शक जो अॅल्व्ह्ज यांनी केले आणि कथा फ्लोरिडातल्या सागरी उद्यानात नेली. १९८७ च्या चौथ्या भागात तर शार्क मृत पोलीसप्रमुखाच्या कुटुंबावर डूख धरून थेट बहामा बेटांपर्यंत मागावर जातो. नाग डूख धरतो असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते आणि त्यापायी निरुपद्रवी धामणही काठीखाली मरते. प्राण्याला माणसाचे मन चिकटवले की त्याचा शेवट असाच होतो, त्यामुळे मालिकेच्या या शेवटाकडे मी केवळ फसलेला चित्रपट म्हणून पाहू शकत नाही.

परिचयात ज्या भागाला एकच ओळ मिळाली तो भाग माझ्या मते अशा पुस्तकाचा गाभा असायला हवा. चित्रपटानंतर खऱ्या शार्कचे काय झाले? जगभरात शार्कने विनाकारण माणसावर हल्ला केल्याच्या घटना वर्षाला साधारण साठ-सत्तर नोंदल्या जातात आणि त्यांतले मृत्यू बहुतेक वर्षी दहाच्या आत असतात. उलट माणसाकडून वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारले जातात, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाने मांडला. पांढरा शार्क वयात यायलाच कित्येक वर्षे घेतो आणि त्याला पिले थोडी होतात, त्यामुळे घटलेली संख्या भरून निघायला फार काळ लागतो. या संहाराचे मुख्य कारण बेसुमार मासेमारी आणि परांचा व्यापार हे आहे; सारा दोष चित्रपटाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण शार्क मारणे हा पराक्रम आहे ही समजूत पसरवण्यात त्याचा वाटा होता, आणि हे खुद्द मूळ लेखक व दिग्दर्शक यांनीच मान्य केले आहे. बेंचली यांनी आयुष्याची पुढची वर्षे सागरी जीवांच्या रक्षणासाठी बोलण्या-लिहिण्यात घालवली. २००६ मध्ये ते वारले. स्पिलबर्ग यांनी २०२२ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत या गोष्टीबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला. आपल्या देशात व्हेल शार्कला २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण मिळाले आणि पुढे गुजरातच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार स्वतः जाळी कापून त्याला सोडू लागले, हेही अशा प्रकरणात यायला हवे.

आता आमच्या भागाविषयी. आमचे भय पडद्यावरचे नाही, हे सर्वप्रथम स्पष्ट करते. आमच्या ब्रह्मपुरी वनविभागात वाघ केवळ अभयारण्यात नव्हे, गावांच्या आणि शेतांच्या लगतच्या जंगलातही राहतात. मोहफुले वेचायला पहाटे गेलेली बाई, तेंदूपत्ता तोडायला वाकलेला माणूस, गुरांमागे असलेला गुराखी यांचे जीव दर वर्षी जातात. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना कोणी ‘भिऊ नका’ असे शहाणपण शिकवू नये, आणि माझ्या लिहिण्याचा तसा अर्थ कोणी काढला तर मला वाईट वाटेल.

पण खऱ्या धोक्याच्या कडेलाच दुसरे, रचलेले भय वाढते आहे. तेंदूच्या हंगामात आमच्या परिसरातल्या मोबाइलवर एक चित्रफीत फिरली. संध्याकाळच्या उजेडात वाघ रस्ता ओलांडतो, इतकेच मूळ दृश्य. कोणीतरी त्याची गती कमी केली होती, खाली घुमणारे संगीत घातले होते, शेवटी एक किंकाळी जोडली होती आणि वर आमच्याच शेजारच्या गावाच्या वेशीचे नाव टाकले होते. आठवडाभर कित्येक बायका पत्ता तोडायला गेल्या नाहीत. हंगामच मुळी थोड्या दिवसांचा, त्यातली मजुरी बुडाली. एका वनरक्षकाने चित्रफीत पाहिली आणि रस्त्याकडेची झाडे दाखवून सांगितले की ही सालवृक्षाची झाडे आहेत, आपल्याकडे साग आणि बांबू, ही जागा आपल्या जंगलातली नाहीच. खरा अनर्थ त्यानंतर झाला. ते खोटे निघाल्यावर पुढे वनखात्याने एका खऱ्या वाघिणीच्या वावराची सूचना दिली, तेव्हा तीही अनेकांनी हसण्यावारी नेली. रचलेल्या भयाने खऱ्या सूचनेची किंमत घालवली.

त्याच सुमारास ग्रंथालयात येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांना मी ‘जॉज’ची ही निर्मितीकथा सांगितली होती. दुधाची पावडर आणि ते दोन स्वर त्यांच्या विशेष लक्षात राहिले. एका मुलीने आपणहून ती वाघाची चित्रफीत आवाज बंद करून लावली आणि म्हणाली, “मॅडम, वाघ तं नुसता रस्ता पार करून राह्यला.” मग मुले त्यात काय काय जोडले आहे ते शोधू लागली: किंकाळी कुठून सुरू होते, गती कुठे मंदावते, किंकाळी मारणारा माणूस दिसतो का. माध्यमसाक्षरतेवरची व्याख्याने मी ऐकली आहेत, पण एका चित्रपटाच्या निर्मितीची हकिकत मुलांना इतक्या लवकर डोळस करील, असे मला वाटले नव्हते. घाबरवणारी प्रत्येक गोष्ट खोटी, असे त्या मुलांनी मानलेले नाही, हे महत्त्वाचे. वनरक्षकाने पंजाचा ठसा दाखवून पहाटे एकटे जाऊ नका, गटाने जा, वाकून काम करताना कोणीतरी उभे राहून लक्ष ठेवा, असे सांगितले तर ती मुले ते घरी जाऊन नीट सांगतात. कारण त्या सांगण्यात जागा आहे, वेळ आहे आणि करायची गोष्ट आहे.

पहिल्या चित्रपटातही हा फरक आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. किनाऱ्यावरच्या गावचा महापौर सुट्टीच्या हंगामातला धंदा बुडू नये म्हणून खरी सूचना दाबतो, आणि त्याच वेळी गावभर लोक बोटी घेऊन दिसेल तो शार्क मारायला निघतात व भलताच शार्क टांगून छायाचित्रे काढतात. ज्या सूचनेने जीव वाचले असते ती दडपली जाते आणि आंधळा संताप मोकळा सुटतो. वाघाच्या प्रदेशातल्या वाचकाला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. मराठी प्रकाशकांनी या मालिकेवरचे असे पुस्तक मराठीत आणावे. सरळ अनुवादापेक्षा आपल्या वाचकासाठी नव्याने लिहिलेले अधिक चांगले. त्यात संकलन, संगीत आणि यंत्रांची प्रकरणे चित्रांसह सविस्तर असावीत, शार्कच्या खऱ्या जीवनाचे प्रकरण प्राणिशास्त्राच्या जाणकाराने लिहावे, आणि पुठ्ठ्याच्या बांधणीत परवडेल अशी किंमत ठेवावी, कारण आमच्यासारख्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षभराच्या अनुदानातच नियतकालिकांची वर्गणी, दिवाबत्ती आणि ग्रंथखरेदी सारे भागवावे लागते व गुळगुळीत कागदाचे महागडे ग्रंथ त्यात बसत नाहीत. आणि आपल्या वृत्तपत्राने, असे पुस्तक येईपर्यंत, पुरवणीत चार-सहा लेखांची मालिका चालवावी, जिच्यात एकेका दृश्याची रचना उलगडून सांगितली जाईल. लेखांची कात्रणे डकवून ठेवायची वही आम्ही ग्रंथालयात ठेवतोच. जंगलाला लागून असलेल्या गावांमधल्या शाळांना ती वही फिरती ठेवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल,
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर