झोपेची वेळ न विचारता ताण कसा मोजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरबसल्या लाळेचा नमुना द्या आणि शरीरातला ताण मोजून घ्या, अशा जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. मी सांगलीची, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली तंत्रज्ञ. ही तपासणी खोटी नाही, हे आधीच सांगते. पण ती ज्या पद्धतीने विकली जाते, त्याचा त्रास माझ्या भाचीला झाला, म्हणून लिहिते आहे.

भाची परिचारिका आहे. गेल्या महिन्यात तिला सलग रात्रपाळी होती. नवऱ्याने काळजीपोटी कुरिअरने किट मागवले. त्यात चार नळ्या: उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी. तिने सूचना तंतोतंत पाळल्या. रात्रपाळीहून आलेली मुलगी झोपते सकाळी नऊला, त्यामुळे 'झोपण्यापूर्वी'ची नळी भरली गेली सकाळी नऊला. तो आकडा रात्रीच्या मर्यादेशी ताडला गेला आणि अहवालात लाल अक्षरांत आले, 'तीव्र ताण'. फॉर्मवर कामाच्या पाळीचा रकानाच नव्हता. सासरी नोकरी सोडण्याची बोलणी सुरू झाली. "मावशी, मला खरंच काही झालंय का गं?" असे तिने फोनवर विचारले, तेव्हा मला फार राग आला.

यात मोजतात ते कॉर्टिसॉल, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक. ते पहाटेपासून चढते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळते, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. चार दिवस रात्रपाळी केली म्हणून हे घड्याळ लगेच उलटे फिरत नाही. सकाळी नऊला ते वर असणारच! ज्या तपासणीत वेळ हेच सर्वस्व, तिथे वेळ विचारायचीच राहिली.

लाळेची खरी उपयुक्तता वेगळी आहे. रक्तातले बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेले असते. मोकळे असते तेवढेच लाळेत उतरते. शिवाय सुई नाही, आणि सुईच्या भीतीनेही कॉर्टिसॉल वाढते. कुशिंग या आजारात मध्यरात्रीही ते खाली येत नाही. चेहरा गोल होतो, पोटावर जांभळट वळ उठतात, रक्तदाब आणि साखर वाढते. पूर्वी मध्यरात्रीचे रक्त घ्यायचे तर रुग्णाला दाखल करून घ्यावे लागे. आता तो घरच्या अंथरुणाशेजारी नळीत लाळ देतो. तरीही डॉक्टर एका रात्रीवर विसंबत नाहीत, निदान दोन रात्रींचे नमुने मागतात. आणि रात्रपाळीवाल्यांसाठी ही तपासणी टाळून दुसऱ्या तपासण्या सुचवतात.

नमुना बिघडायलाही वेळ लागत नाही. नुकतेच दात घासून हिरडीतून रक्त आले असेल, तर आकडा वाढतो. दम्याचा स्टिरॉइडचा पंप किंवा हाताला लागलेले स्टिरॉइडचे मलमही घोटाळा करते. घसा खवखवतो म्हणून आपण सहज ज्येष्ठमध चघळतो. लाळग्रंथीत कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारे एन्झाइम ज्येष्ठमधाने थोपते आणि आकडा फसवा चढतो. खाण्याच्या तंबाखूनेही असे होऊ शकते. भाचीच्या किटमध्ये यातले काहीच विचारलेले नव्हते आणि सूचना तर सगळ्या इंग्रजीत होत्या.

ज्याला खरोखर ताण आहे, त्याचे कॉर्टिसॉल वाढलेलेच असेल असेही नाही. दीर्घकाळच्या ताणात काहींमध्ये ते उलट कमी आढळते. अशा माणसाला 'ताण नाही' असा कागद हाती देणे मला जास्त धोक्याचे वाटते. तो मदत मागायचाच थांबेल.

भाचीला मी संप्रेरकतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी आधी नळ्यांच्या वेळा विचारल्या आणि अहवाल बाजूला ठेवला. तिला झोप कमी पडत होती, हे तिने तिथे पहिल्यांदा मोकळेपणी सांगितले.

प्रयोगशाळांना माझी विनंती आहे: फॉर्मवर झोपेची आणि उठण्याची वेळ, कामाची पाळी, चालू औषधे आणि तंबाखू यांचे रकाने ठेवा, सूचना मराठीत द्या, आणि 'तीव्र ताण' हे शब्द अहवालातून काढा. आकडा आणि नमुन्याची वेळ छापा. निदान डॉक्टर करतील.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली