‘सर्व्हर डाऊन’च्या पुढचं विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रेशन दुकानात अंगठा लागला नाही, सर्व्हर डाऊन. दस्तनोंदणीला आलेली माणसं दिवसभर बसून परत गेली, सर्व्हर डाऊन. प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी पान उघडेना, सर्व्हर डाऊन. आपल्या अंकातली अशी कात्रणं मी गेले काही महिने एका वहीत चिकटवून ठेवते आहे. मी २१ वर्षांपासून नागपुरात नेटवर्कचं काम करते. सीताबर्डीतल्या एका दुकानात केबलच्या टोकाला जॅक बसवण्यापासून सुरुवात झाली, आता एका सहकारी बँकेच्या शाखा जोडणारं जाळं सांभाळते. वहीतलं प्रत्येक कात्रण वाचताना एकच विचारावंसं वाटतं : सर्व्हर खरोखर बंद होता का? माझ्या अनुभवात तो क्वचितच बंद असतो.

जानेवारीतली गोष्ट सांगते. महिन्याचा पहिला आठवडा, म्हणजे पेन्शनवाल्यांची गर्दी. सकाळी ११ वाजून गेल्यावर माझ्या स्क्रीनवर उमरेडची शाखा लाल झाली, मग काटोल, मग सावनेर, आणि मिनिटभरात सगळ्याच. मी आधी सर्व्हर रूममध्ये धावले. रॅकमधले दिवे हिरवे, पंखे नेहमीच्या सुरात, डेटाबेस चालू. मुख्य कार्यालयातल्या काउंटरवर तर पैसे निघत होते. सर्व्हर ठणठणीत होता, बाहेर जाणारा रस्ता तुटला होता. शाखांच्या दारांवर मात्र तोवर कागद लागले होते, ‘सर्व्हर डाऊन आहे, सहकार्य करावे’.

आमच्याकडे दोन कंपन्यांच्या दोन लाइन आहेत. एक तुटली तर दुसरी चालावी, म्हणून दर महिन्याला दोघींचे पैसे भरतो. दोन्ही एकाच मिनिटाला गेल्या तेव्हाच माझ्या मनात शंका आली. दुपारी कंपनीचा मुलगा ओटीडीआर घेऊन आला. हे यंत्र फायबरच्या एका टोकातून प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परतून आलेल्या प्रकाशावरून तार किती अंतरावर तुटली आहे ते दाखवतं. १,८४० मीटर आलं. पण यंत्रावरचे मीटर म्हणजे रस्त्यावरचे मीटर नव्हेत. पुढेमागे दुरुस्तीला लागावी म्हणून चेंबरमध्ये, म्हणजे केबलसाठी जमिनीत बांधलेल्या खड्ड्यात, केबलचं वेटोळं ठेवलेलं असतं, ते वजा करत जावं लागतं. असं मोजत मोजत आम्ही दोघं सिमेंट रोडसाठी खणलेल्या चारीपाशी येऊन थांबलो. जेसीबीच्या दातांनी खालचे पाइप उचकटून वर आणले होते. पाइप दोन होते, हातभर अंतरावर. एकातून पहिल्या कंपनीची केबल लोंबत होती, दुसऱ्यातून दुसऱ्या कंपनीची. आम्ही दोन लाइनचे पैसे मोजत होतो आणि दोन्ही एकाच चारीतून जात होत्या. करार करताना ‘दोन्हींचा मार्ग नकाशावर दाखवा’ असं मी लेखी मागायला हवं होतं. ते आता मागितलं आहे.

जेसीबीवाला म्हणाला, “मॅडम, आमाले तं कोनी सांगतलंच नाही का खाली तार आहे म्हून.” मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

जोडणीला रात्र झाली. २४ धाग्यांची केबल. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असा रंगांचा क्रम ठरलेला, बारा झाले की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक धागा सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, सरळ कापायचा, यंत्रात टोकाला टोक धरून विजेच्या ठिणगीने सांधायचा आणि वर नळी तापवून बसवायची. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो ९ मायक्रॉनचा, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. धुळीचा कण मध्ये आला की तोडा आणि परत करा. थंडीचा वारा, शेजारून जाणारे ट्रक, त्यांची धूळ. एकाने चादर आडवी धरली, मी मोबाईलचा उजेड धरला आणि तो मुलगा मान खाली घालून एकेक धागा जोडत गेला. नऊ वाजता पहिली शाखा हिरवी झाली.

त्याच दिवशी दुपारी काटोलच्या शिपायाचा फोन आला होता. “मॅडम, एक आजी सकाळपासून बसून आहेत. औषधाले पैसे पाहिजे म्हनते. काय सांगू जी त्यायले?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात मथळा होता, ‘सर्व्हर डाऊन, ज्येष्ठांचे हाल’. हाल खरे होते. पण कुणी खणलं, विचारून खणलं का, दोन लाइन असताना दोन्ही कशा गेल्या, यातलं एक अक्षर त्या बातमीत नव्हतं.

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं ते याचसाठी. खणणाऱ्याने जागा आधी कळवायची, म्हणजे खाली ज्यांची केबल किंवा पाइप आहे त्यांना सूचना जाते. देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा केबल तुटते आणि त्यात सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, हे आकडे त्या वेळी सरकारनेच दिले होते. ‘ॲपवर नोंद केली होती का?’ एवढा एक प्रश्न आपल्या बातमीदाराने कंत्राटदाराला विचारला असता, तर उत्तर हो आलं असतं किंवा नाही, दोन्ही बाजूंनी ती खरी बातमी झाली असती.

आपण असे प्रश्न विचारता, हे मला माहीत आहे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. तेव्हा वर्तमानपत्रं आकडा छापून थांबली नाहीत. हवामान खात्याने उपकरण तपासलं, सेन्सरमध्ये दोष असल्याचं सांगितलं, आणि तेही छापून आलं. नागपूरकराला उन्हाचा आकडा खरा की खोटा हे कळलं. पेन्शन का मिळाली नाही, हेही त्याला तसंच कळायला हवं.

जगातल्या मोठ्या कंपन्यांची जाळी कोसळतात तेव्हा काय होतं पाहा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक आणि व्हॉट्सॲप सहा तासांहून जास्त वेळ गायब होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळंच तुटलं आणि ‘आम्ही इथे आहोत’ ही इंटरनेटला दिलेली वर्दी मागे घेतली गेली. सर्व्हर चालूच होते, पण त्यांच्यापर्यंत पोचायचा पत्ता पुसला गेला होता. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अडकले, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. २० ऑक्टोबर २०२५ ला, आपल्याकडे नरक चतुर्दशी होती, दुपारी, इतर कंपन्यांना सर्व्हर भाड्याने देणाऱ्या ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रातून चालणाऱ्या सेवा ढासळल्या. कारण डीएनएसच्या, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या वहीच्या, स्वयंचलित व्यवस्थेत लपलेला दोष, त्याने एका महत्त्वाच्या सेवेच्या पत्त्याची नोंद रिकामी करून टाकली. महिनाभरात, १८ नोव्हेंबरला, असंख्य संकेतस्थळांची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरची पाळी आली. डेटाबेसच्या परवानगीत केलेल्या बदलामुळे एक फाइल दुपटीने फुगली आणि ती वाचणारी प्रणाली कोलमडली.

या चारही वेळा मी त्यांचे खुलासे मुळातून वाचले. मिनिटामिनिटाचा हिशेब, चूक कुठे झाली, आता काय बदलणार, सगळं स्वतः लिहून सगळ्यांसमोर ठेवलेलं. आमच्या पेशातली माणसं त्यातूनच शिकतात. फेसबुकचा खुलासा वाचल्यावर मी आमच्या मुख्य राउटरला शिरायची एक वेगळी, स्वतंत्र मोबाईल लाइन बसवून घेतली, कारण त्यांच्या अभियंत्यांना दुरून यंत्रापर्यंत पोचताच येत नव्हतं. आपल्याकडची कार्यालयं मात्र ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढं लिहून मोकळी होतात. आणि ते तसंच छापलं जातं.

कधी लाइन मुद्दाम तोडलेली असते, हेही लोकांना कळावं. ३१ जुलै २०२४ ला लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला, तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला देशाच्या पेमेंट जाळ्यातून वेगळं काढलं. सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. आग पसरू नये म्हणून शेजारचं गवत कापावं तसं ते होतं, आणि बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. अशा दिवशी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला शिव्या खाव्या लागतात, कारण ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे याचा निष्काळजीपणा, असं लोकांच्या मनात बसलं आहे.

सर्व्हर खरोखर बंद पडतो तेव्हाही कारण बहुधा दुसरीकडेच सापडतं. आमच्या शहरात ते नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गच्चीवर सापडतं. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी सर्व्हर रूमच्या एसीचं बाहेरचं युनिट तापून बंद पडलं. रॅकच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी असं मानक सांगतं, आमच्याकडे अर्ध्या तासात ४१ झाली. पंखे असे घोंघावत होते की बोललेलं ऐकू येईना. सहकारी प्रेमाने वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ओढत घेऊन आले, त्यांना दारातच थांबवावं लागलं. ती ओली हवा आत गेली असती तर उन्हापेक्षा जास्त घात झाला असता. मी एकेक यंत्र क्रमाने बंद केलं : आधी चाचणीचं, मग अहवालांचं, सगळ्यात शेवटी खातेवहीचं. व्यवहार दोन तास थांबले. माहिती मात्र एका ओळीचीही गेली नाही. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. तिथे कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टेराबाइटचा साठा जळाला, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. नागपुरात डेटा सेंटर येणार, किती कोटींची गुंतवणूक, किती एकर जमीन, हे आपण पहिल्या पानावर छापता. ते थंड कशाने ठेवणार, पाणी पेंच धरणाचं की भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी, बॅटऱ्या कुठे ठेवणार, हेही त्याच बातमीत विचारा. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, म्हणजे ही वाट या शहराने आधीच काढलेली आहे.

माझी आणखी एक कळकळीची मागणी आहे. विदर्भात जिल्हा रुग्णालयांत, महाविद्यालयांत, पतसंस्थांत, पंचायत समित्यांत एकेकट्याने संगणक सांभाळणारी शेकडो मुलंमुली आहेत. प्रिंटरपासून फायरवॉलपर्यंत सगळं एकाच्या गळ्यात. त्यांच्या कामाची बातमी मराठीत कुठेच येत नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज सर्व्हर २०१६ ची १२ जानेवारी २०२७ ला थांबते. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं पूर्वी ३९८ दिवसांपर्यंत चालायची. ती मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाते. वर्षातून एकदा येणारी तारीखसुद्धा चुकायची आणि पान उघडेनासं व्हायचं. ४७ दिवसांवर आल्यावर नूतनीकरण यंत्राकडे सोपवलं नसेल, तर तुमच्याकडे ‘सर्व्हर डाऊन’च्या किती बातम्या येतील याचा विचार करा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रांच्या कामकाजाच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हे माहीत नसलेले सहकारी मला दर बैठकीत भेटतात, आणि त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आठवड्यातून पाव पान द्या. कोणत्या तारखा जवळ आल्या, कोणती दुरुस्ती तातडीची, कुठलं जाळं कशाने कोसळलं, एवढंच.

माझी वही आणि त्या जानेवारीतल्या तुटलेल्या लाइनचा ओटीडीआर आलेख मी जपून ठेवला आहे. आपल्या शहर प्रतिनिधींना कार्यालयीन वेळेनंतर तो दाखवायला आणि समजावून सांगायला मी तयार आहे. पुन्हा कुठे कागद लागला की मला कळवा. पुढच्या चेंबरपर्यंत मी त्यांच्यासोबत चालत येईन.

आपली,
एक नेटवर्क अभियंता, मानेवाडा, नागपूर