ताईचे पाय

भांडुप,
सोमवार, रात्र

प्रिय सुमे,

तुझे दोन फोन मी घेतले नाहीत आणि मेसेजला नुसते जोडलेले हात पाठवले. रागावली असशील तर रागाव, पण हे पत्र पूर्ण वाच. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, तू मधे मधे बोलतेस. इथे सगळे बरे आहेत. माझं बीपी गोळीवर आहे, ह्यांचा गुडघा आहे तसाच.

शनिवारी रात्री लेकीने एक कोरियन सिनेमा लावला. 'गोकसंग' नाव, इंग्रजीत 'द वेलिंग', 2016 सालचा. दोन तास छत्तीस मिनिटं. ती म्हणाली, आई, भुताचा आहे, पण हळू आहे, तुला आवडेल. बाहेर आपल्याकडचा पाऊस, आत त्यांच्याकडचा. डोंगरातलं गाव. लोकांच्या अंगावर पुरळ उठतं, मग माणूस आपल्याच घरच्यांच्या जिवावर उठतो. पेपरात येतं, विषारी अळंबीमुळे झालं. गाव म्हणतं, डोंगरात राहायला आलेल्या जपानी म्हाताऱ्याने केलं. आणि तिथल्या एका साध्या, घाबरट पोलिसाच्या पोरीला तेच होतं. ती हावऱ्यासारखी जेवते, बापाला शिव्या देते, रात्री किंचाळते. सिनेमा कसली घाई करत नाही गं. पोरीचा चेहरा हळूहळू परका होत जातो आणि तुला बसून ते बघावं लागतं.

तिची आजी मांत्रिकाला बोलावते. ढोल, झांजा, आगी, आणि तो मांत्रिक लाकडाच्या एका उभ्या ओंडक्यात खिळे ठोकतो. प्रत्येक घावासरशी आतल्या खोलीत पोर पिळवटते. मधे मधे तो जपानी म्हाताराही त्याच्या झोपडीत काहीतरी पूजा करताना दाखवतात, त्यामुळे वाटतं की घाव त्याच्यावर पडतायत. मी उशी पोटाशी धरून मनात म्हणत होते, ठोक, अजून ठोक, थांबू नको. आणि पोरीचे हाल बघवेनात म्हणून बाप मधेच घुसून सगळं उधळतो. मला त्याचा इतका राग आला सुमे, मी मोठ्याने म्हटलं, 'मेल्या, अर्ध्यात कशाला थांबवलंस!'

आणि माझ्याच तोंडून मला आईचा आवाज ऐकू आला.

तुला वेगळं सांगायला नको. 1983, संपाचं दुसरं वर्ष, बाबा घरी, गिरणीचा भोंगा बंद. ताई एकोणीस वर्षांची, आपण तेराच्या. भाकरी थापता थापता थांबायची, 'काहीतरी जळतंय' म्हणायची, पदर चुरगळत बसायची, ओठ चाटायची, मग पडायची. आई म्हणाली, 'हिका कायतरी लागलाहा.' गावाहून भूत उतरवणारा घाडी आणला. आदल्या रात्री खाटेखाली कोंबडा बांधला होता, तो पहाटेपर्यंत आरवत राहिला आणि तू म्हणालीस, उद्या रस्सा माझ्याकडे पाठव. तुला भीती कधी वाटलीच नाही. नाक्यावरच्या उताऱ्यातली लिंबं उचलून तू सरबत केलंस, अख्ख्या माळ्याला पाजलंस आणि मग काकूंनी तुला पायरीपायरीवर मारत वर नेलं. ते आठवून मी शनिवारी रात्री एकटीच हसले. मग रडले.

त्या दिवशी तू तळमजल्यावरच्या डॉक्टरला हाताला धरून वर आणलंस आणि दार बडवलंस. आई म्हणाली, विधी अर्धा राहिला, आता पोरीचं काय झालं तर ते त्या सुमीवर. मी ते खरं धरलं. पुढे केईएममध्ये ताईच्या डोक्याला तारा लावून आलेख काढला, फेफरं निघालं, गोळ्या सुरू झाल्या. तरी प्रत्येक आकडीला मी मनात तुझंच नाव घ्यायचे. दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही. तू म्हणतेस भांडण कंपासपेटीवरून झालं. नाही सुमे. पेटी मी नंतर शोधून काढलेलं कारण होतं.

सिनेमा तू बघणार नाहीस म्हणून शेवट सांगते. तो मांत्रिक त्या म्हाताऱ्याच्याच बाजूचा निघतो. म्हणजे ते खिळे बहुतेक पोरीलाच लागत होते. पण शेवटी बापाला सांगितलेलं असतं, कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरी जाऊ नकोस, आणि तो दुसऱ्या आरवण्यालाच धावतो, आणि घरी सगळं संपलेलं असतं. थांबवलं ते बरोबर की चूक, कुणावर विश्वास ठेवायचा होता, हे त्या बिचाऱ्याला धड कळतच नाही. लेक म्हणाली, हेच तर भारी आहे. मला भारी वाटलं नाही. मला तो बाप आपल्या चाळीतला वाटला.

तेव्हापासून एकच हिशोब डोक्यात फिरतोय. ताईची आकडी दोन मिनिटांची असायची. विधी तीन तास चालला. मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले की तिला काही कळत नव्हतं, तिला आठवत नाही. आकडीतलं आठवत नाही हे खरं. पण बाकीचा वेळ? मिरच्यांची धुरी नाकाखाली धरली होती तेव्हा ताई शुद्धीत होती. केस धरून घुमवली तेव्हा शुद्धीत होती. ती ओरडत होती, पाणी मागत होती, आणि घाडी म्हणत होता, 'ती नाय बोलणा, ता बोलताहा.' तिचं बोलणं तिचं नाहीच असं एकदा ठरलं की मग कुणाला काही ऐकावंच लागत नाही. सिनेमातही त्या पोरीचं तेच. मी स्वतः शनिवारी तिचं ऐकलं नाही.

ताईचे पाय मी धरले होते. हे तुला माहीत नाही, दार बंद होतं. आईने हात धरले, मामाने खांदे, आणि मला म्हणाले, तू पाय धर. मी घट्ट धरले. तिच्या पैंजणाची कडी माझ्या तळहातात रुतून रक्त आलं, तरी सोडले नाहीत.

लेकीला सांगितलं तर तिने 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा काढून वाचून दाखवला. त्याच्या अनुसूचीत लिहिलंय गं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देणं, केसांनी बांधणं, केस उपटणं. कुणीतरी आमच्या खोलीत बसून लिहिल्यासारखं. मी तिला म्हटलं, पुरे.

तुझं घर लागलं का? गच्चीवरच्या पत्र्याचं काम पावसाआधी झालं असेल. मुलाच्या लग्नाची तारीख ठरली की आधी मला कळव, तिकिटं मिळत नाहीत. कोल्हापूरची चटणी संपली आहे, कुणी येणारं असलं तर पाठव.

येत्या रविवारी डोंबिवलीला ताईकडे जायचं ठरवलंय. गोळ्या अजून चालू आहेत, पण वीस वर्षांत आकडी नाही. नातवाला सांभाळते, छान हसते, पहिल्या गोळ्यांनी सुजलेल्या हिरड्याही केव्हाच बऱ्या झाल्यात. तिला विचारावं असं वाटतं आणि तिची सुखाची दुपार नासवायचा मला काय अधिकार, असंही वाटतं. माझं मन हलकं करायला तिच्यावर ओझं टाकायचं का? दोन रात्री झोपले नाही.

म्हणून आधी तुला विचारते. मला आठवतंय की ती 'बाये, सोड गे' म्हणाली. मला. नाव घेऊन. घाडी म्हणाला, ता बोलताहा, आणि मी पाय आणखी दाबले. पण आता खात्री वाटत नाही. खरंच म्हणाली होती, की त्या सिनेमातल्या पोरीचं किंचाळणं माझ्या डोक्यात जाऊन मिसळलं?

तू दाराबाहेर होतीस. डॉक्टरला आणायला धावण्याआधी तू दाराला कान लावून उभी होतीस, तूच सांगितलं होतंस. तुला काय ऐकू आलं? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नको. रविवारच्या आत फोन कर, मी उचलेन.

तुझीच,
बाय