झिजलेल्या नाण्यांना लिंबू लावू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत नाणी जमवण्याच्या छंदावर लेख आला, बरं वाटलं, या विषयावर पेपरात कोण लिहितं हल्ली. पण त्यातल्या दोन गोष्टी खटकल्या म्हणून हे पत्र. एक तर झिजलेली, चेपलेली, भोक पाडलेली परदेशी चिल्लर घेऊच नका, तिला रिसेल नाही असं सांगून विषय संपवलाय. आणि दुसरं म्हणजे घरात जुनी नाणी सापडली तर लिंबू-मीठ चोळून चकाचक करा असा सल्ला दिलाय. मी गेली कित्येक वर्षं असलीच नाणी जमवते, त्यामुळे राहवलं नाही.

रिसेल नाही हे खरंय, त्यावर वाद नाही. डीलरकडे एका कोपऱ्यात असल्या नाण्यांचा डबा असतो, मूठभर उचला आणि थोडेसे पैसे द्या, असा मामला. पण त्या डब्यात काय काय निघतं ते बघा ना. ब्रिटनची जुनी पेनी घ्या. १८६० मध्ये तांब्याऐवजी ब्राँझची पेनी आली, त्यावर अंबाडा घातलेली व्हिक्टोरिया राणी, आणि ही पेनी थेट १९७१ पर्यंत, म्हणजे दशमान पद्धत येईपर्यंत चालत होती. शंभर वर्षं एकच नाणं खिशातून गल्ल्यात, गल्ल्यातून खिशात! माझ्याकडची एक इतकी गुळगुळीत आहे की नुसती हातात घेतली तर निव्वळ चकती वाटते. पण अंधारात टॉर्च अगदी आडवा धरायचा, टेबलाला जवळजवळ टेकवून, आणि नाणं हळूहळू फिरवायचं. आधी मानेची रेघ दिसते, मग अंबाडा, मागच्या बाजूला बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूपातलं प्रतीक, तिची ढाल, आणि तिच्या पायाखाली सालाचे पहिले दोन आकडे, १ आणि ८. पुढचे दोन गेलेत. नवी असताना ही पेनी सुमारे ९.४ ग्रॅमची असायची, ही जेमतेम साडेआठ भरते. जवळजवळ एक ग्रॅम ब्राँझ लोकांच्या बोटांनी आणि खिशांनी नेलं, मला तर हे फार भारी वाटतं. कोरं करकरीत नाणं दिसायला सुंदर असतं, नाही म्हणत नाही, पण ते टाकसाळीतून निघून सरळ पाकिटात गेलेलं असतं, त्याच्याकडे सांगायला काही नसतं.

आणि झीज आंधळी नसते. जिथे उठाव जास्त तिथे आधी झिजणार, गाल, कानावरचे केस, खांदा. अमेरिकेचं बफेलो निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, १९१३ ते १९३८, त्यात साल चित्रातल्या मूळ अमेरिकन माणसाच्या खांद्याच्या उठावावरच टाकलं होतं, मग काय, साल पुसलेली ढिगाने सापडतात. तिथल्याच एका क्वार्टरवर, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यावर, हीच अडचण झाली तेव्हा १९२५ पासून साल खोलगट जागेत घ्यावं लागलं. म्हणजे लोकांच्या हाताळण्याने टाकसाळीला डिझाइन बदलायला लावलं. सोव्हिएत कोपेक, म्हणजे रुबलचा शंभरावा भाग, तोही असाच खूप झिजलेला सापडतो, १९६१ मध्ये दहा जुन्या रुबलला एक नवा या दराने चलन बदललं पण १, २ आणि ३ कोपेकची जुनी नाणी त्याच किमतीला चालू ठेवली, त्यामुळे ती पुढेही वर्षानुवर्षं झिजत राहिली.

मुद्दाम खराब केलेली नाणी तर अजून बोलकी. ब्रिटिश म्युझियममध्ये १९०३ ची एक पेनी आहे, राजा सातवा एडवर्ड आणि त्याच्या चेहऱ्यावरच एकेक अक्षर ठोकून लिहिलंय, व्होट्स फॉर विमेन. मताचा हक्क मागणाऱ्या बायकांचं काम ते. पेनी इतकी किरकोळ की ती बाजूला काढायची तसदी कोण घेणार, फिरत राहणार हातोहात. फ्रान्समध्ये १८७० ला सम्राट नेपोलियन तिसरा सेडानच्या लढाईत प्रशियाला शरण गेला तेव्हा लोकांनी त्याच्या ब्राँझच्या नाण्यांवर त्याला चक्क प्रशियन हेल्मेट कोरून घातलं. ग्रेडिंगच्या, म्हणजे नाण्याची अवस्था पाहून दर्जा ठरवण्याच्या, हिशोबात ही सगळी ‘डॅमेज्ड’. त्याच ग्रेडिंगच्या १ ते ७० च्या स्केलवर तळाच्या १ नंबरची, ओळखण्यापुरतीच शिल्लक राहिलेली नाणी हौसेने शोधणारे लोकही आहेत बरं का, मी काही एकटी नाही.

आता लिंबाचं. कृपा करून हे करू नका. आम्ल नुसती काळपट पुटं काढत नाही, खालचा धातूही खातं, आणि झिजलेल्या नाण्यावर उरलेला उठाव असतोच केसाएवढा, तो एका चोळण्यात जातो. वर तांबं गुलाबी, भगभगीत दिसायला लागतं आणि मग डाग धरतं. युद्धकाळातली जस्ताची नाणी, बेल्जियम, हॉलंड, डेन्मार्कची, ती तर लिंबात टाकली की फसफसायलाच लागतात. अमेरिकेचा १९४३ चा सेंट पोलादाचा, वर जस्ताचा पातळ मुलामा, तो गेला की गंज चढलाच म्हणून समजा. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, मऊ कपड्याने टिपा, घासू नका, बास. आणि मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवा चिकट थर येतो, कागदी पाकीट चांगलं.

पुढच्या रविवारी निदान लिंबू-मिठाबद्दलची दुरुस्ती तेवढी छापा, लेख वाचून कुणी डबा उघडून बसायच्या आत. आणि जागा असेल तर अशा एखाद्या झिजलेल्या नाण्याचा मोठा फोटो द्या, आडव्या उजेडात काढलेला.

आपली,
एक नियमित वाचक