बंदुका परत देताना तासभर शिकवा

महोदय,

रानडुक्कर समजून साथीदारालाच गोळी घातल्याची बातमी कोकणात अधूनमधून छापून येते. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात तेच घडले. मग चर्चा होते ती बेकायदा शिकारीची. ती व्हायलाच हवी. पण शेतीसंरक्षणाचा रीतसर परवाना असलेले आम्ही बंदूक कशी हाताळतो, हे कुणी विचारत नाही.

सावंतवाडी तालुक्यात माझी काजूची बाग आहे. माकडे आणि डुकरांपायी बंदूक ठेवावी लागते. आमच्याकडे ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू नि छर्रे ठासून भरायच्या बंदुका अजून पुष्कळ आहेत आणि माझ्या मते खरा धोका त्यांचाच. काडतुसाची बंदूक मधून उघडली की नळी रिकामी आहे की नाही ते लगेच दिसते. ठासणीची एकदा भरली की भरलीच. रात्री बार टाकायची वेळ आली नाही तर लोक ती तशीच घरी आणतात, केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) काढतात आणि खुंटीला अडकवतात. दारू नि छर्रे नळीत तसेच! आठ दिवसांनी घरात कुणाला त्याची आठवणही नसते. पावसाळ्यात दारू दमट झाली की चाप ओढल्याबरोबर बार उडेलच असे नाही, क्षणभराने उडू शकतो. तेवढ्यात नळीत डोकावणारे महाभाग मी पाहिले आहेत. अशा वेळी नळी मोकळ्या बाजूला धरून निदान मिनिटभर गप्प उभे राहायचे असते. भरलेली बंदूक खांद्याला लावून गडगा (बागेची दगडी भिंत) चढणे, बॅटरीच्या झोतात डोळे चमकले की बार टाकणे, हेही सर्रास चालते. जनावर पुरते दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे ते कळल्याशिवाय बोट चापावर जाताच कामा नये. काजूच्या दिवसांत शेजारच्या बागेतही कुणीतरी राखणीला असतो.

2016 च्या शस्त्र नियमांत नवा परवाना मागणाऱ्याला सुरक्षा प्रशिक्षणाची अट आहे. 2019 च्या दुरुस्तीनुसार निष्काळजीपणे बंदूक चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण वडिलांमागे परवाना नावावर करून घेतलेल्या माझ्या ओळखीच्या एकालाही भरलेली बंदूक रिकामी कशी करायची हे कुणी दाखवलेले नाही.

निवडणूक आली की आम्हाला बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. 2024 मध्ये लोकसभेलाही लावल्या, विधानसभेलाही. (लोकसभेला तर ऐन काजूच्या हंगामात, ही तक्रार वेगळी.) परत नेताना सगळे परवानाधारक तिथे येतातच, पावती दाखवतात, सही करतात, निघतात. त्याच दिवशी पोलिसांच्या शस्त्रागारातल्या जाणत्या माणसाने तासभर थांबवून दाखवावे: ठासणीची बंदूक बार न उडवता कशी रिकामी करायची, गडगा ओलांडताना ती कशी धरायची, घरात दारू आणि केपा बंदुकीपासून वेगळ्या कुलपात कशा ठेवायच्या. घोडा सैल झालेल्या बंदुकाही तेव्हाच बाजूला काढता येतील. दुरुस्ती होईपर्यंत त्या ठाण्यातच राहिल्या तरी आमची हरकत नाही.

– एक परवानाधारक शेतकरी, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग